वालुबूने अंगावर घेतलेली लढाई

वालुबूने आयुष्यात कधी पहिला बाण सोडला नाही. दुसराही सोडल्याचं कुणाला आठवत नाही. आमच्या खोऱ्यात पोरगं चालायला लागलं की आधी बापाचं धनुष्य ओढून बघतं, आणि हा बाबा लढाईला जायचा तो मागे राहून भाजलेली रताळी आणि पाण्याचे भोपळे पोचवायला. ओरडायचा मात्र सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. शत्रूच्या आज्या-पणज्यांचा उद्धार करावा तर तो वालुबूनेच. आमच्या हेबारे कुळातली माणसं त्याला 'ढोल' म्हणायची आणि त्याचा त्याला रागही यायचा नाही.

त्याचं खरं कसब खंदकात होतं. आमच्याकडे शेताला कुंपण घालत नाहीत, खंदक खणतात. वालुबूचे खंदक दोन पुरुष खोल, आणि कडा अशा तासलेल्या की आत पडलेलं डुक्कर चार माणसांनी वेल बांधून ओढल्याशिवाय वर येत नसे. खालच्या खोऱ्यातून लोक त्याला बोलवायला यायचे. तो खणायचा, पोटभर मांस खायचा, एखादं पिल्लू काखेत मारून घरी यायचा. डुकरांवर त्याचा भारी जीव. बायको वांदोमे म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या डुकरिणीशी जास्त बोलतोस. तिच्याशीच लग्न करायचं होतंस."

"तिच्या बापाने देजात फार डुकरं मागितली असती," वालुबू म्हणायचा, आणि ती हातातलं रताळं त्याच्या अंगावर फेकायची.

त्यांची दोन पोरं तापाने गेली. उरला एकटा तिमू. वालुबूचा एक जिवलग मित्रही होता, हुबी, वरच्या कड्यावरच्या मापेरा कुळातला. लहानपणी दोघं मिळून झाडांवरचे केसाळ प्राणी मारायला जात. म्हणजे हुबी मारायचा आणि वालुबू शेपटी धरून घरी आणायचा. हुबी मिशांवर हात फिरवत हसायचा आणि म्हणायचा, "आमच्या ढोलाने मारलं बरं का!"

आता एक रीत सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. आमच्यात प्रत्येक लढाईला मूळ असतं. मूळ म्हणजे माणूस. ज्याच्या भांडणावरून लढाई पेटली, तो त्या लढाईचं मूळ. त्याच्या बाजूने लढायला आलेला कुणी मेला, तर त्या मरणाची भरपाई मुळाने द्यायची, डुकरांत. आधी मदतीला आलेल्या मित्रांची भरपाई, मग शत्रूच्या मेलेल्यांची. त्यामुळे पूर्वी माणूस भांडण काढताना आपल्या डुकरांकडे बघून काढायचा. मदतीला येणाऱ्यांना हात जोडून सांगायचा, "बाबांनो, येऊ नका, मला परवडणार नाही." दोन-तीन माणसं पडली की मुळाच्या तोंडचं पाणी पळायचं आणि लढाई मिटायची. आमचे आजोबा काही संत नव्हते. मरण महाग होतं, एवढंच.

मग वरच्या डोंगरात तेल लागलं. आता तुमचे दिवस फिरले, असं रेडिओ रोज सांगायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. तेल नळातून समुद्राकडे जायचं आणि पैसा राजधानीत यायचा. तिथे रस्ते रुंद झाले, काचेची हॉटेलं उभी राहिली, मंत्र्यांच्या पोटांना घेर आला. आमच्या वाट्याचा पैसा कुळाच्या प्रतिनिधीमार्फत येणार होता. हेबारेंचा प्रतिनिधी झाला पिवा, वालुबूचा चुलतभाऊ. का, तर त्याच्याकडे बूट होते आणि त्याला इंग्रजीत सही करता यायची. गळक्या मडक्यातून पाणी यावं तसा पैसा खोऱ्यात पोचला. चकचकीत पत्र्याची शाळा आली, तिला मास्तर आला नाही. दवाखाना आला, त्याला कुलूप आलं. अर्ध्या मैलाचा डांबरी रस्ता आला, तो रताळ्याच्या वाफ्यात सुरू होऊन रताळ्याच्या वाफ्यातच संपतो. मोठ्या गाड्या आल्या, बिअर आली, डब्यातले मासे आले. आणि बंदुका आल्या. दुकानात मीठ संपायचं, पण काडतुसं कधी संपली नाहीत.

तिमू हुशार होता. शाळा उघडली तेव्हा तो रोज आंघोळ करून पहिल्या बाकावर जाऊन बसायचा आणि मास्तरची वाट बघायचा. पूर्ण हंगामभर बसला. मग एक दिवस पिवाने कुळाच्या पैशातून आणलेली रायफल कुणीतरी त्याच्या हातात दिली आणि लांबच्या झाडावरचं फळ दाखवलं. फळ पडलं. दुसरं दाखवलं, तेही पडलं. जमलेली माणसं टाळ्या पिटायला लागली. वालुबू तेवढा उठून डुकरांकडे निघून गेला.

लढाई पेटली ती तेलाच्या पैशाच्या वाटपाच्या दिवशी, विमानाच्या धावपट्टीवर. पलीकडच्या तिंगा कुळाचं म्हणणं होतं की तेलाच्या विहिरीची जमीन मुळात त्यांची. असा वाद आला की दोन्हीकडचे म्हातारे उभे राहून पूर्वज म्हणून दाखवतात, बापापासून मागे मागे, जमिनीवर पहिलं पाऊल ठेवणाऱ्यापर्यंत. तो पाठ चालू असताना कुणी खोकतसुद्धा नाही. तिंगांचा म्हातारा चांगला रंगात आला होता. एकेक नाव घेऊन काठीने माती ठोकत होता, आणि हेबारेंची तोंडं उतरत चालली होती, कारण त्याचं बरोबर असावं असं आमच्याच लोकांना वाटायला लागलं होतं. पिवा सकाळपासून पीत होता. त्याने पिस्तूल काढलं आणि म्हाताऱ्याच्या उघड्या तोंडात गोळी घातली. पूर्वजाचं नाव ओठांवर असतानाच म्हातारा मागे कोसळला, त्याच्या कवटीचा तुकडा मागे उभ्या असलेल्या नातवाच्या छातीवर जाऊन चिकटला, आणि तो नातू तो तुकडा हातात घेऊन बघतच राहिला.

धावपट्टीवर विमान उभं होतंच. पिवा आधी त्यात चढला आणि मग बाकीचे ओरडायला लागले. लढाईचं मूळ असं हवेतून राजधानीला निघून गेलं.

दुसऱ्या सकाळी तिंगा आले. त्यांच्याकडेही तेलाच्याच पैशाच्या रायफली होत्या. वाफ्यात वाकलेल्या बायकांना त्यांनी वाकलेल्या अवस्थेतच मारलं. वालुबूचा धाकटा भाऊ न्गाई घरातून बाहेर आला तो पोटात गोळी घेऊन परत आत गेला, आणि दार बाहेरून बंद करून घर पेटवण्यात आलं. आमचे पुरुष त्याचा आवाज ऐकत खंदकापलीकडे पडून राहिले. तिंगांनी डुकरं मारली, फळझाडांची साल गोल सोलून ती उभी वाळवली, म्हणजे जगलेल्यांनीही पुढे उपाशीच मरावं. कुलूपबंद दवाखाना जाळला तेव्हा आत एकही औषध नव्हतं हे सगळ्यांना कळलं.

त्या संध्याकाळी वालुबू धावत वरच्या कड्यावर गेला. हुबीला म्हणाला, "गड्या, ये. मी एकटा पडलोय."

हुबीने विचारलं, "मूळ कोण?"

"ते नंतर बघू. न्गाईला जाळलं रे."

"नंतर बघू म्हणणाऱ्याच्या लढाईत जाऊ नये, असं माझा बाप सांगायचा," हुबी म्हणाला, आणि पोरांना हाक मारायला लागला. त्याचा थोरला पोरगा केवा सगळ्यांत आधी उठला.

मापेरा आले म्हणून हेबारे तगले. खालच्या गवतात दोन्हीकडची माणसं इतकी पडली की लोक आपले मुडदे पायांच्या बोटांवरून ओळखत होते. तिमू झाडीतून मारत होता आणि त्याची गोळी वाया जात नव्हती. तिंगांना त्याचं नाव कळलं, रोज पलीकडून ते ओरडायचे, "तिमू, तुझं डोकं आम्ही डुकरांना घालणार!" एकदा तिंगांनी जोर केला आणि मापेरांची पोरं मागे पळाली. त्यांना खालचा मुलूख माहीत नव्हता. धावता धावता ती वालुबूने खणलेल्या खंदकात पडली. सरळ कडा, हाताला काही लागेना. ती एकमेकांच्या खांद्यांवर चढायला बघत होती. तिंगा काठावर येऊन उभे राहिले आणि त्यांनी सावकाश, एकेकाला निवडून मारलं. केवा शेवटी उरला होता. तो वर बघून म्हणाला, "मला इथला रस्ता माहीत नव्हता." मग त्यालाही मारलं.

पोरांना वर काढायला वालुबूच आत उतरला. केवाला त्याने खांद्यावर घेऊन वर दिलं. हुबीने पोराला मांडीवर घेतलं आणि वालुबूकडे बघून एवढंच म्हणाला, "खोल खणतोस तू." वालुबू तिथेच बसून ढसाढसा रडला. हुबी रडला नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

मग राजधानीतून हेलिकॉप्टर आलं. त्यातून टाय घातलेला एक अधिकारी उतरला. लढाईमुळे नळाचं काम अडलं होतं, त्यामुळे आम्ही मेलो तेही त्यांच्या लक्षात आलं होतं. धावपट्टीवर सगळी कुळं जमली. अधिकारी म्हणाला, "तेलाच्या निधीतून सरकार शांततेचा पैसा देणार आहे. दोन्हीकडच्या सगळ्या मेलेल्यांची भरपाई त्यात होईल. तुमच्या रीतीप्रमाणेच करू. मूळ कोण ते सांगा, पैसा त्याच्या हातात देतो."

पिवाचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचं नाव घेतलं तर पैसा पिवाच्या हातात जाणार, आणि तिथे गेलेलं काही परत येत नसतं. तिंगांचा एक पुढारी म्हणाला, "भरपाई मिळाली तर आम्ही तिमूचं डोकं सोडू. नाही मिळाली तर नाही." वालुबूने पोराकडे पाहिलं. पोरगं वीस वर्षांचं होतं आणि झोपेतसुद्धा बोट वाकवत होतं.

वालुबू उठला. "मी मूळ आहे," तो म्हणाला.

लोकांना वाटलं, ढोल वाजला. कुणीतरी हसलंसुद्धा. पण तो थांबेना. मोठ्या सभेत पुरुष जसं बोलतात तसं, लयीत, काठी आपटत तो बोलला: ही लढाई माझी, न्गाईचं मरण माझं, केवाचं मरण माझं, तिंगांच्या म्हाताऱ्याचं मरण माझं, सगळे मेलेले माझ्या दारात आणून ठेवा. हातचं राखून त्याने काहीच ठेवलं नाही. त्याचं सरळ गणित होतं: पैसा तेलाचा, आपलं फक्त नाव. आणि आमच्यात तर दोन्ही कुळांसमोर बोललेला शब्द मागे घेता येत नाही. थुंकी परत तोंडात घेता येत नाही तसा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळ्यांना ते खोटं आहे हे माहीत होतं आणि सगळ्यांनाच ते सोयीचं होतं, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. एकटा हुबी त्याच्याकडे टक लावून बघत होता.

परतताना वांदोमेने त्याला वाटेत गाठलं आणि खणायच्या काठीने पाठीत हाणलं. "मूळ म्हणे! मुंगी मारताना विचार करतोस तू! उद्या ते खरंच दारात मुडदे आणून ठेवतील, तेव्हा काय देशील? मला देशील?"

"अगं, सरकार देणार आहे."

"सरकारने मास्तर दिला का?"

वालुबू हळूच म्हणाला, "तिमू जगेल." तिने काठी खाली टाकली आणि त्याच्यापुढे चालायला लागली.

पैसा येईना. तिंगांनी रायफली खाली ठेवल्या होत्या, पण पुसून ठेवल्या होत्या. शेवटी वालुबू स्वतः राजधानीला निघाला. पिवा ज्या हॉटेलात राहत होता ते त्याने विचारत विचारत शोधलं. आत थंडगार हवा होती. रंगीत दिव्यांच्या जुगाराच्या यंत्रांपुढे आमच्या डोंगरातल्या सगळ्या कुळांचे प्रतिनिधी ओळीने बसून नाणी घालत होते. ज्यांची कुळं एकमेकांचे भाऊबंद मारत होती, ती माणसं एकमेकांना सिगारेटी देत होती.

"दादा!" पिवा खुर्चीतून उठला. त्याचं पोट सुटलं होतं. "ये, जेव. बिल कुळाच्या नावावर टाकू."

"शांततेचा पैसा कुठाय?"

"आला होता ना. तो कुळाच्या प्रतिनिधीच्या सहीनेच निघतो. इथे अडीअडचणी काय कमी आहेत? सल्लागाराची फी, वकिलाची फी, हे हॉटेल, मंत्र्याच्या माणसाला गाडी. उरलेला पुढच्या हप्त्यात येणार होता, तर तेलाचा भाव पडला."

"भाव पडला म्हणजे?"

"म्हणजे पडला. आणि भाव चढा होता तेव्हा सरकारने पुढच्या दहा वर्षांचंही खाऊन ठेवलंय. आता तेच लोकांकडे हात पसरतात. अरे, ते आपल्यासारखेच आहेत, दादा. डुक्कर पोटात असतानाच त्याचं मांस वाटून मोकळे."

"पिवा, तिमूला मारतील रे ते."

"मग त्याला इथे पाठव. एखाद्या गाडीवर लावतो." पिवाने नाणं यंत्रात टाकलं. "आणि तुला कुणी सांगितलं होतं मूळ व्हायला? मी झालो का?"

वालुबूने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. आयुष्यातला पहिलाच असेल. पिवा यंत्रावर पडला, नाणी खळखळली, आणि पहारेकरी धावले. त्यांनी वालुबूला मागच्या दाराने बाहेर काढलं आणि दंडुक्यांनी इतका झोडपला की त्याचे पुढचे दात गेले आणि डावा कान कायमचा बंद झाला. मारणारे पहारेकरी आमच्याच डोंगरातले होते. त्यातला एक मारता मारता म्हणाला, "माफ कर काका, नोकरी आहे."

बोळकं तोंड घेऊन वालुबू खोऱ्यात परतला तेव्हा खाली तिंगा जमायला लागले होते. पैसा नाही हे त्यांना त्याच्याआधी कळलं होतं. त्यांनी झाडाला दोर बांधून ठेवला होता, तिमूसाठी. वालुबू घाबरला, आणि घाबरलेला माणूस करू नये ते करतो. त्याने आपली वाचलेली सगळी डुकरं, वांदोमेच्या भावांनी दिलेली, सुनेच्या देजासाठी राखून ठेवलेली, ती लाडकी डुकरीणसुद्धा, अशी सगळी हाकत नेऊन तिंगांच्या हवाली केली. तिंगांनी ती मोजली, कमी आहेत म्हणून शिव्या दिल्या, पण घेतली. दोर सोडला. तिमूचं डोकं तूर्त वाचलं.

रीत अशी की आधी मित्रांची भरपाई, मग शत्रूंची. वालुबूने आधी शत्रूला दिलं. मापेरांना एक पिल्लूही गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हुबी खाली आला. सोबत कुणी नव्हतं, हातात फक्त कुऱ्हाड. वालुबूच्या घरापुढच्या अंगणात तो उकिडवा बसला. "केवाची डुकरं कुठायत?" त्याने विचारलं.

"देईन. गड्या, देईन. अजून पिल्लं होतील..."

"ज्यांनी माझ्या पोराला उंदरासारखं खड्ड्यात मारलं, त्यांच्या घरी तुझी डुकरं शिजतायत. कड्यावर वास येतो आम्हाला."

वालुबू त्याच्या पायांवर पडला. फुटक्या तोंडाने तो सगळं बोलून गेला. "मी मूळ नाही रे हुबी. तुला माहीत आहे. पिवा मूळ आहे."

"माहीत आहे," हुबी म्हणाला. "तू उठून उभा राहिलास तेव्हाच माहीत होतं. पण पिवा हॉटेलात आहे. माझा हात तिथे पोचत नाही. तू इथे आहेस." त्याने वालुबूला धरून वर बसवलं. "रोज माझी बायको विचारते, केवाचं काय आणलंस? काय सांगू तिला? भाव पडला म्हणून सांगू? माझे भाऊ म्हणतायत, डुकरं नसतील तर पोराच्या जागी पोरगा. मी त्यांना थांबवून धरलंय. पण मी किती धरू, वालुबू? अमावास्येपर्यंत काहीतरी आण. नाहीतर मीच त्यांच्यापुढे चालत येईन, आणि तिमूला मीच मारीन, म्हणजे निदान ते नीट होईल."

दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून रडले. मग हुबी उठला, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि नदीच्या वाटेने निघाला.

सरूसारख्या झाडांच्या आड तिमू उभा होता. त्याने शेवटचं तेवढं ऐकलं होतं.

वेलींच्या पुलाच्या मध्यावर हुबी पोचला तेव्हा गोळी त्याच्या मानेत लागली. दुपारचं लख्ख ऊन होतं. पलीकडच्या काठावर रताळी धुणाऱ्या बायकांनी त्याला वेलीला धरून लोंबकळताना पाहिलं, मग हात सुटताना पाहिलं. गोळी कुणी झाडली ते त्यांना दिसलं नाही. आवाज ऐकून वालुबू धावत गेला तेव्हा तिमू झाडीत बसलेला होता, रायफल मांडीवर.

"आबा, आता कुणी मागायला येणार नाही," तो म्हणाला.

वालुबूने त्याच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा हात उचलला आणि त्याच हाताने पोराचं डोकं छातीशी दाबून धरलं. "तो माझा हुबी होता रे गाढवा," तो म्हणाला. "तो तुला वाचवायलाच धडपडत होता."

तोवर वांदोमे आली. वालुबूने तिला सांगितलं, "याला घेऊन नदीच्या काठाने खाली तुझ्या भावांकडे जा. आत्ता. भांडीही घेऊ नकोस." वांदोमेने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या रायफलीकडे पाहिलं, कारण ती त्याने तिमूच्या मांडीवरून उचलून घेतली होती. मग तिने तिमूचं मनगट पकडलं आणि त्याला ओढत नेलं.

वालुबू रायफल खांद्यावर टाकून, पूल ओलांडून कड्याची वाट चढला. मापेरांनी हुबीचं प्रेत नदीतून काढून आणलं होतं. बायका अंगाला चिखल फासून आक्रोश करत होत्या, पुरुष बाण काढत होते. हुबीचा थोरला भाऊ दाबुरे, एका डोळ्याने अधू, प्रेताशेजारी बसला होता. वालुबू सरळ अंगणात जाऊन उभा राहिला.

"मी मारला," तो म्हणाला. "भरपाई मागत होता म्हणून मारला."

सगळे उठले. दाबुरेने हात वर केला. "कुठून मारलास?"

"पुलाशेजारच्या झाडीतून."

"या बंदुकीने?"

"हो."

"तिच्यात गोळी भरून दाखव."

वालुबूने रायफल खाली घेतली. उलटी केली, सुलटी केली. कुठे उघडते ते त्याला सापडेना. त्याने नळीत बोट घातलं. दस्ता ओढून पाहिला. घाम त्याच्या नाकावरून टपकत होता. मागे उभं असलेलं एक पोरगं फिदीफिदी हसलं, आणि दाबुरेने मागे वळून त्याच्या कानाखाली सणसणीत लगावली. ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं, आणि त्यात दाबुरे पहिला होता. त्याला स्वतःला चार मुलगे होते, आणि समोर धाकट्या भावाचं प्रेत होतं.

तो उठून म्हणाला, "म्हातारा दमलाय, चढून आलाय. हात थरथरतायत त्याचे, म्हणून जमत नाहीये." त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "यानेच मारलं. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"ऐकलं," कुणीतरी म्हणालं. मग बाकीचेही म्हणाले.

वालुबूने रायफल हुबीच्या पायांपाशी ठेवली आणि मान खाली घातली. पहिली कुऱ्हाड दाबुरेची होती. ती खांद्यावर बसली आणि वालुबू किंचाळला. धीराने वगैरे मेला नाही तो, फार ओरडला, खालपर्यंत ऐकू गेलं. मग सगळे तुटून पडले, मघाशी हसलेलं पोरगंही. नंतर दाबुरेने त्यांना हाताला धरून बाजूला ओढलं. मापेरांनीच केळीच्या पानांत गुंडाळून प्रेत हद्दीपर्यंत आणलं आणि ओरडून सांगितलं, "हुबीला मारणारा मेला. आमचं काही राहिलं नाही. माणूस घेऊन जा."

आमच्यात शोकाच्या घरात विधवा गाते. मेलेल्याने काय काय केलं ते सगळं गाण्यात घ्यायचं असतं, आणि ऐकणारे त्यातलं खरंखोटं तोलत असतात. वांदोमे भावांकडून एकटीच परत आली. अंगभर राखाडी माती फासून ती घराच्या दारात बसली. खंदकांचं गायली, डुकरांचं गायली, मेलेल्या दोन पोरांचं गायली. मग हुबीच्या मरणाची पाळी आली. आजूबाजूच्या बायका वाट बघत थांबल्या. तिने तोंड वरच्या कड्याकडे केलं आणि छाती फाटेल इतक्या मोठ्यानं गायली, माझ्या नवऱ्याने बंदूक उचलली, माझ्या नवऱ्याने डोळा मिटून नेम धरला, माझ्या नवऱ्याने एका गोळीत हुबीला पुलावरून पाडला. तेच ती पुन्हा पुन्हा गात राहिली. कड्यावर मापेरा उभे राहून ऐकत होते. त्यांच्यातलं कुणीही तिमूच्या मागे नदीकडे उतरलं नाही.